सीमधलं बिऱ्हाड

पूर्वी माणसं बिऱ्हाड हलवायची आणि कागदपत्रं त्यांच्याबरोबर आपोआप हलायची. वडिलांच्या विम्याचे कागद, शाळा सोडल्याचे दाखले, आईची औषधांची वही आणि नेमकं हवं तेव्हा न सापडणारं रेशनकार्ड, असा सगळा ऐवज एका पत्र्याच्या ट्रंकेत मावायचा. ट्रंक ट्रकवर चढली की घराचा इतिहास हलला. आता अगदी उलट झालंय. माणूस जागचा हलत नाही. त्याच खुर्चीत, त्याच बनियनवर, चहाचा तोच कप शेजारी ठेवून बसलेला असतो आणि त्याचे कागद मात्र 'सी' सोडून 'डी'मध्ये राहायला जातात.

ज्या भाग्यवंतांना हे सी आणि डी ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगतो. संगणक म्हणजे एक कपाट आहे असं समजा. त्याच्या खणांना अक्षरांची नावं असतात आणि पहिल्याच खणाचं नाव असतं 'सी'. मग ए आणि बी कुठे गेले? तर ते फ्लॉपीचे खण होते. साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट मजकूर राहायचा. आज नातवाने मोबाइलवर काढलेला माझ्या नाकाचा एक फोटोसुद्धा तीत मावणार नाही. फ्लॉपी गेली, पण तिच्या अक्षरांवर सहसा कोणी हक्क सांगत नाही. आजोबा गेल्यावर त्यांच्या आरामखुर्चीत बरेच दिवस कोणी बसत नाही, तसंच हे. यंत्रालाही थोडी रीतभात असते.

मी राहतो ओझरला. हे सांगितलं की समोरचा हात जोडतो आणि म्हणतो, "वा! गणपतीचं ओझर!" तो विघ्नहर जुन्नर तालुक्यातला, कुकडीकाठचा. आमचं ओझर निफाड तालुक्यातलं, बाणगंगेकाठचं, मुंबई-आग्रा रस्त्यावरचं. संगणकाबद्दल मला आदर वाटतो तो यासाठी, की एकाच नावाच्या दोन वस्तू एका जागी आल्या तर तो थांबतो आणि विचारतो : या नावाची फाइल इथे आधीच आहे; जुनी काढून टाकू, की दोन्ही ठेवू? माणसं एवढंही विचारत नाहीत. सरळ एक ओझर पुसून टाकतात.

तर आमच्या या ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना आला आणि त्याच्याबरोबर टाऊनशिप आली. पुढे मिगनंतर सुखोई आलं. २०२५ च्या २६ सप्टेंबरला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ चा निरोपसमारंभ केला आणि तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, इथे तयार झालेलं पहिलं तेजस मार्क-१ए आमच्या डोक्यावरून गेलं. पण अजूनही लोक 'ओझर मिग' असंच म्हणतात. आतला मजकूर बदलत गेला, फोल्डरचं नाव मात्र तेच राहिलं.

टाऊनशिपमध्ये राहिलेल्या माणसाला सी आणि डी समजावून सांगावे लागत नाहीत. सी म्हणजे कंपनीचं क्वार्टर. पाण्याला, विजेला तोटा नाही, सगळं हाताशी. पण ते आपलं नव्हे. तिथला खरा मालक विंडोज. त्याची तब्येत बिघडली आणि दुकानदाराने "फॉरमॅट मारावा लागेल" म्हटलं की सीमध्ये जे जे आहे ते सगळं साफ. डी म्हणजे कर्ज काढून घेतलेलं आपलं घर. निवृत्तीनंतर मी क्वार्टर सोडलं तेव्हा स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, भिंतीवर, मुलांच्या उंचीच्या पेन्सिलीने केलेल्या खुणा होत्या. दरवर्षी गुढीपाडव्याला एक. ट्रंक बरोबर आणली, भिंत आणता आली नाही. जे आपलं आहे ते कंपनीच्या भिंतीवर लिहू नये, एवढाच सी-डीचा अर्थ.

(जाणकार मंडळी इथे हात वर करतील, की बऱ्याच संगणकांत सी आणि डी या एकाच डिस्कच्या दोन खोल्या असतात, डिस्कच गेली तर दोन्ही जातात. खरं आहे. एका इमारतीतले दोन फ्लॅट आपलेच असले म्हणून भूकंप एकाला सोडून जात नाही. म्हणून तिसरी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, जमल्यास वेगळ्या घरात ठेवावी.)

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची सेवा थांबवली, तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच घरांत ही हलवाहलव चालू आहे. आमच्याकडेही झाली. पुण्याहून चिरंजीवांनी फोनवर दीक्षा दिली.

"बाबा, डॉक्युमेंट्स उघडा. सिलेक्ट ऑल करा. डीमध्ये हलवा. झालं."

"सगळंच?"

"सगळंच."

"आत काय आहे ते न बघता?"

"बाबा, हलवायचंय. वाचायचं नाहीये."

हे वाक्य फोन ठेवल्यावरही माझ्या डोक्यात राहिलं. हलवायचंय, वाचायचं नाही. म्हणजे नेमकं काय होतं? मी जरा चौकशी केली. एकाच खणात एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल हलवली तर ती प्रत्यक्षात तसूभरही हलत नाही. नोंदवहीत पत्ता बदलतो, बस्स. तलाठ्याकडे फेरफार नोंदवावा तसं. सातबाऱ्यावर नाव बदलतं, शेत जागच्या जागी. म्हणून ते डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. पण सीमधून डीमध्ये जायचं म्हटलं की खरं काम पडतं. संगणक तिकडे अक्षर न् अक्षर नव्याने लिहितो, सगळं लिहून झालं की मगच इकडचं काढतो. आणि 'काढतो' म्हणजे तरी काय? जुन्या, तबकडीच्या हार्ड डिस्कमध्ये तो पुसत बसत नाही. ही जागा आता रिकामी समजावी, एवढी पाटी लावतो. पुढचा भाडेकरू येईपर्यंत जुन्याचं सामान आत तसंच असतं.

म्हणजे ज्याला आपण 'हलवणं' म्हणतो ती असते नक्कल आणि नंतर मूळ प्रतीचा निरोप. मग डीमध्ये पोचला तो कागद तोच का? गीतेतला आत्मा जुनी वस्त्रं टाकून नवी घेतो, तेव्हा तो 'मूव्ह' होतो, 'कॉपी' होत नाही. तेवढं एक बरं आहे, नाहीतर चित्रगुप्ताला पेन्शन घ्यावी लागली असती. संगणकातली नक्कल तर त्याहून गमतीची. फाइल 'कॉपी' केली की तिच्या जन्माची तारीख आजची पडते आणि शेवटच्या दुरुस्तीची जुनीच राहते. जन्म आजचा आणि दुरुस्ती २००९ ची! अशी पत्रिका पंचवटीतला जोशीसुद्धा मांडायला घेणार नाही.

ओझरला या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. विमान ओव्हरहॉलला येतं तेव्हा ते पार खोलतात. झिजलेले भाग काढतात, नवे घालतात, तपासून पुन्हा जोडतात. बाहेर पडतं ते विमान तेच का? आमच्या शॉपमध्ये यावर कोणी तत्त्वज्ञान सांगत बसत नसे. शेपटीवरचा नंबर तोच आहे ना, आणि लॉगबुक बरोबर आहे ना? मग विमान तेच. कोणता भाग कधी बदलला, का बदलला, हे त्या वहीत लिहिलेलं असतं आणि विमान जाईल तिथे वही जाते.

विमानाची ओळख कागदावर. ठीक. मग कागदाची ओळख कशावर? माझं उत्तर असं, की कोणीतरी तो उघडून "हो, हे अमुक आहे" असं म्हणू शकतं यावर. जो कागद काय आहे हे कोणालाच सांगता येत नाही तो रद्दी आहे. मग तो सीमध्ये असो, डीमध्ये असो, नाहीतर पेशव्यांच्या दप्तरात.

या नव्या प्रकाशात मी माझ्या फोल्डरांकडे पाहिलं. 'न्यू फोल्डर'. 'न्यू फोल्डर २'. 'महत्त्वाचं'. 'अतिमहत्त्वाचं'. 'फायनल'. 'फायनल फायनल'. 'डेस्कटॉपवरचं सगळं', आणि त्याच्या पोटात आणखी एक 'डेस्कटॉपवरचं सगळं', म्हणजे मागच्या स्थलांतराची न उघडलेली ट्रंक. सर्वांत शेवटी 'बघू'. सिलेक्ट ऑल केलं असतं तर हे सगळं वऱ्हाड निळ्या शालूत उजळून निघालं असतं आणि बिनबोभाट डीमध्ये गेलं असतं. मी एक उघडून पाहिला, मग दुसरा, मग संध्याकाळ झाली.

'अतिमहत्त्वाचं'मध्ये मुलीच्या बायोडेटाच्या नऊ आवृत्त्या निघाल्या. मुलीचं लग्न होऊन तिची मुलगी आता नववीत आहे. पहिल्या आवृत्तीत मुलगी 'निमगोरी' होती, सहावीत 'गोरी' झाली आणि नवव्यात रंगाचा रकानाच गेला होता. तो मुलीने स्वतः काढला होता, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. 'फायनल फायनल'मध्ये सोसायटीच्या सेक्रेटरींना लिहिलेलं, न पाठवलेलं पत्र होतं. सेक्रेटरी वारले. भांडण पाण्याच्या टाकीवरून होतं, हे पत्र वाचून समजलं. एका फोल्डरमध्ये धाकट्या भावाच्या द्राक्षबागेचा फवारणीचा तक्ता होता. ती बाग त्याने काढली त्यालाही आता वर्षं झाली. आणि एका फाइलचं नाव नुसतंच 'आई' होतं. उघडली तर तिच्या आवाजातली कणकेच्या लाडवांची कृती, मध्येच ती म्हणते, "हे चालू आहे का रे?" आणि थांबते.

आता सांगा, न बघता हलवलं असतं तर हे मी जपलं, असं म्हणता आलं असतं का? जपणं आणि टाकून न देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाजी फ्रिजमध्ये ठेवणं आणि भाजी खाणं यात असतो तेवढा तरी फरक यांत आहे. सिलेक्ट ऑल म्हणजे निवड नव्हे; निवड करायला दिलेला नकार आहे. नऊ बायोडेटा, एक मेलेलं भांडण आणि आईचा आवाज, सगळ्यांना एकाच दोरीने बांधून आपण पुढच्या खोलीत ढकलतो आणि "काही टाकलं नाही हो" म्हणून समाधानाने झोपतो.

इथवर येऊन मी स्वतःला एक नियम घालून दिला : कागद हलवावा तर उघडून पाहून. नियम चांगला होता. तो आठवडाभर टिकला. मग शेजारच्या वहिनी आल्या.

शेजारचे नाना गेल्या पावसाळ्यात गेले. असेंब्लीत माझ्या बरोबरीने होते. मितभाषी माणूस, डबा खाताना वाटीतल्या भाजीचं नावसुद्धा सांगायचा नाही. त्यांचा संगणक बहिणीच्या नातवाला, तो इंजिनीअरिंगला आहे, द्यायचा ठरला होता.

"भाऊजी, ह्यांचं जे काय असेल ते आधी एका बाजूला काढून द्या," वहिनी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

नानांची व्यवस्था नानांसारखीच होती. 'पेन्शन'. 'घरपट्टी'. 'गॅस'. 'सहल भीमाशंकर'. सगळं नावानिशी, ओळीत. आणि शेवटी एक फोल्डर : 'खाजगी'.

हलवायला उघडावं लागत नाही, ही या यंत्राची थोरवी मला त्या क्षणी पटली. मी तो उचलला आणि पोर्टेबल डिस्कवर टाकला. हिरवी पट्टी सरकू लागली. वर लिहून आलं : १८४ वस्तू हलवत आहे. आणि खाली एक छोटंसं बटण : अधिक माहिती. ते दाबलं की जाणाऱ्या एकेका फाइलचं नाव डोळ्यांपुढून सरकतं. उघडायचं नाही, काही नाही, नुसती नावं. नावं वाचणं म्हणजे काही वाचणं नव्हे, असा युक्तिवाद माझ्या मनाने इतक्या सफाईने मांडला की त्याला हायकोर्टात पाठवावा असं वाटलं. आपलं 'डेस्कटॉपवरचं सगळं' उघडायचा ज्याला वर्षानुवर्षं कंटाळा, तोच माणूस दुसऱ्याच्या एकशे चौऱ्याऐंशी नावांसाठी खुर्चीच्या टोकावर येतो!

मला नाशिकरोड स्टेशनवरचा हमाल आठवला. तो ट्रंकेचं वजन विचारतो, गाडी विचारतो, डबा विचारतो. आत काय आहे हे विचारत नाही. तो त्याचा अडाणीपणा नाही, धर्म आहे. मी बटणावरचा हात काढून चष्मा पुसत बसलो. पट्टी संपली.

वहिनी चहा घेऊन आल्या. "काय होतं हो आत?"

"एकशे चौऱ्याऐंशी वस्तू होत्या, वहिनी."

"म्हणजे?"

"म्हणजे मला तेवढंच दिसलं."

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "ह्यांच्या खिशातून रुमाल आणि बसचा पास, याशिवाय कधी काही निघालं नाही. एवढं कसलं खाजगी?" आणि डिस्क पदराआड घेत म्हणाल्या, "राहू दे. माझी मी बघेन कधीतरी."

बघतील, न बघतील. तो हक्क त्यांचा. मी फक्त एवढं केलं, की कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाला बोलावून संगणकातली ती जुनी जागा खरोखर पुसून घेतली. 'रिकामं समजावं' या पाटीवर भरवसा ठेवला नाही.

घरी हे सांगितल्यावर सौ. म्हणाली, "छान. तुम्ही राजवाड्यांच्या जागी असता तर मराठ्यांचा इतिहास ट्रंकेतच राहिला असता."

आमच्या घरात असे प्रश्न भाजी निवडता निवडता विचारले जातात. आणि प्रश्न बरोबर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला, पुढे बावीस खंड झाले. ते काही लोकांची दप्तरं न उघडता नव्हेत. तिकडे प्रागचा काफ्का १९२४ साली गेला. माझे कागद न वाचता जाळून टाक, असं मित्राला लिहून ठेवून गेला. मित्राने, मॅक्स ब्रॉडने, जाळले नाहीत. दुसऱ्याच वर्षी 'द ट्रायल' छापून काढली, आणि १९३९ साली हिटलरचं सैन्य प्रागमध्ये शिरत असताना काफ्काचे कागद सूटकेसमध्ये भरून देशाबाहेर नेले. सीमधून डीमध्ये जाण्याचं इतकं जिवावरचं उदाहरण दुसरं नसेल. त्याने मित्राचा शब्द मोडला आणि जगाला एक लेखक दिला. बरोबर केलं का, यावर लोक अजून भांडतात. मला भांडता येत नाही, कारण काफ्काच्या घरच्या कोणी मला चहा दिलेला नव्हता.

पण राजवाड्यांबद्दल सौ.ला उत्तर देता आलं. कागदालाही वय असतं. राजवाड्यांच्या पहिल्या खंडातली पत्रं १७५० ते १७६१ ची, पानिपतापर्यंतची. छापली तेव्हा त्यांना सव्वाशेहून अधिक वर्षं झाली होती. ती वाचून लाजेने मान खाली घालील असं कोणी उरलं नव्हतं, आणि अभिमानाने वर करील असा सगळा महाराष्ट्र होता. तोवर पिढ्या न् पिढ्या कोणीतरी ती पेटी उधईपासून आणि वाण्याच्या पुड्यांपासून वाचवली, म्हणून राजवाड्यांना ती उघडता आली. इतिहासकाराच्या आधी हमाल लागतो. नानांच्या एकशे चौऱ्याऐंशी वस्तूंना अजून वर्षसुद्धा झालेलं नाही.

तेव्हा माझा नियम मी दुरुस्त केला तो असा. आपलं हलवावं ते उघडून, दुसऱ्याचं हलवावं ते न उघडता. आपण सारे नेमकं उलट करतो. स्वतःचे कागद सिलेक्ट ऑल करून डोळे मिटून नेतो, आणि शेजाऱ्याचं पोस्टकार्ड पोस्टमनच्या हातात असतानाच वाचून काढतो.

आणि हे दोन नियम खरं म्हणजे दोन नाहीत. आपले कागद आपण उघडायचे, ते पुढे दुसऱ्या कोणाला उघडावे लागू नयेत म्हणून. माझ्यानंतर चिरंजीव पुण्याहून येणार, रजा दोन दिवसांची असणार, आणि 'न्यू फोल्डर २'पुढे बसणार. सगळं उघडून बघायला त्याला वेळ नसेल आणि न बघता पुसायला धीर होणार नाही. त्या अवघड दुपारी त्याला बापाबद्दल जे वाटेल ते वाटो, निदान काय कुठे आहे ते तरी वाटीतल्या भाजीसारखं गुपित राहू नये. नानांनी ते केलं होतं. पेन्शनला पेन्शन म्हटलं आणि खाजगीला खाजगी. मागे राहणाऱ्यांवर याहून मोठे उपकार करणं सामान्य माणसाच्या हाती नसतं.

म्हणून सध्या माझं बिऱ्हाड रोज थोडं थोडं हलतंय. आठ बायोडेटा पुसले. नववा मुलीला पाठवला, तिने उलट टपाली नुसतं हसून पाठवलं. सेक्रेटरींचं पत्र आता कोणालाच पाठवता येत नाही, तेव्हा तेही पुसलं. लाडवांची कृती 'आईचा आवाज, कणकेचे लाडू' अशा पूर्ण नावाने डीमध्ये गेली आणि तिची एक प्रत पुण्याला. 'महत्त्वाचं' आणि 'अतिमहत्त्वाचं' मिळून एकच फोल्डर झाला, आणि तो अगदी छोटा झाला.

'बघू' हा फोल्डर तेवढा अजून सीमध्येच आहे. त्याचं बघू.